वांझ ठरवण्याआधी अंडं फोडून बघा

उबवणी यंत्रात ठेवलेली अंडी सातव्या दिवशी बॅटरी लावून पाहिली आणि वीसपैकी बारा अंडी काचेसारखी स्वच्छ दिसली, की मुंबईतल्या गच्चीवर निकाल तिथल्या तिथे लागतो: कोंबडा बाद. मग तो कापला जातो, क्रॉफर्ड मार्केटमधून नवा आणला जातो आणि पुढची खेपही तशीच जाते. नवा कोंबडा कदाचित उत्तम असतो. जुनाही बहुधा उत्तमच होता. अंड्याच्या आत काय झालं हे कोणी पाहिलेलंच नसतं.

बॅटरीच्या उजेडात दोन अगदी वेगळ्या गोष्टी सारख्याच दिसतात. एक म्हणजे अंडं फलितच झालेलं नाही. दुसरी म्हणजे अंडं फलित झालं, पण त्यातला गर्भ पहिल्या दोन-तीन दिवसांत, रक्तवाहिन्या दिसायच्या आतच मेला. पहिल्यात दोष कोंबडा, कोंबडी किंवा त्यांच्या समागमाचा असतो. दुसऱ्यात तो बहुतेक वेळा अंडी साठवण्याचा, यंत्राचा किंवा खाद्याचा असतो. हा फरक केल्याशिवाय केलेला प्रत्येक उपाय अंधारातला आहे, आणि हा फरक करायला ना प्रयोगशाळा लागते ना पैसा.

सकाळची ताजी, यंत्रात न ठेवलेली दहा ते वीस अंडी घ्या. प्रत्येक अंडं दहा मिनिटं आडवं ठेवा आणि वरच्या बाजूनेच टरफल उघडा. बलकाची ज्या बाजूला बीज असतं ती बाजू हलकी असते, म्हणून ती आपोआप वर येते. आता पांढऱ्या उजेडात नीट बघा. अफलित अंड्यात दोन-तीन मिलिमीटरचा भरीव पांढरा ठिपका दिसतो, कडा कुरतडल्यासारख्या असतात, भोवती बारीक बुडबुडे असल्यागत भासतं. फलित अंड्यात तोच ठिपका चार-पाच मिलिमीटरचा, गोल आणि रेखीव असतो: मध्यभाग फिकट आणि भोवती पांढरं कडं, मेदूवड्यासारखं. पहिल्या पाच-सहा अंड्यांत गोंधळ होतो. एकही कोंबडा नसलेल्या पोल्ट्रीचं, म्हणजे वाण्याकडचं साधं अंडं शेजारी फोडून ठेवलं की डोळा लगेच बसतो. फोडलेलं वाया जात नाही, त्याच दिवशी अंड्याची पोळी होते.

वीसपैकी सतरा-अठरा अंड्यांत कडं दिसलं तर कोंबड्याला हात लावू नका. वीसपैकी दहाच फलित असतील तरच पुढे नराची चौकशी करायची.

यंत्रातून सातव्या दिवशी काढलेली स्वच्छ अंडीसुद्धा फेकू नका, फोडा. बलक जसाच्या तसा आणि ठिपका बारीकच असेल तर ते अफलित. ठिपक्याच्या जागी सायीसारखा पसरलेला चट्टा किंवा पडदा असेल, तर गर्भ पहिल्या एक-दोन दिवसांत गेला. रक्ताचं कडं असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी गेला. हे आकडे वहीत तारखेसह लिहायचे. अंड्यावर पेन्सिलीने घातल्याची तारीख आणि कोंबडीचा नंबर लिहिलेला असेल तर आणखी उत्तम, कारण एकाच कोंबडीची सगळी अंडी अफलित निघणं आणि सगळ्या कोंबड्यांची थोडीथोडी निघणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. पेनाची शाई नको, पेन्सिलच.

मुंबईची हवा आणि पाच दिवसांची अंडी

इथे माझं मत ठाम आहे: मुंबईत पहिला संशय अंडी साठवण्यावर घ्यायचा.

अंडं कोंबडीच्या पोटातून बाहेर येतं तेव्हा गर्भाची वाढ आधीच सुरू झालेली असते, कारण कोंबडीच्या अंगात ४१ अंशांवर ते एक दिवस राहिलेलं असतं. बाहेर आल्यावर अंडं गार झालं की गर्भ झोपी जातो. ही झोप नीट लागायला साधारण २० अंशांखालचं तापमान लागतं. साठवणीसाठी १५ ते १८ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता चांगली मानतात, आणि तशी ठेवूनही सात दिवसांत अंडी यंत्रात लागलेली बरी.

आता आपल्या घरातलं चित्र बघा. एप्रिल-मेमध्ये स्वयंपाकघरात ३२-३३ अंश, ऑक्टोबरात तेच, पावसाळ्यात २८. या तापमानात गर्भ झोपत नाही आणि नीट वाढतही नाही. अर्धवट वाढतो, दमतो आणि मरतो. टोपलीत पाच-सहा दिवस साठवून वीस अंडी पूर्ण झाली की लोक ती यंत्रात ठेवतात. त्यातली सुरुवातीची अंडी तेव्हाच मेलेली असतात, आणि सातव्या दिवशी ती काचेसारखी स्वच्छ दिसतात.

एसीची खोली २४ अंशांवर असली तरी ती पुरेशी गार नाही. फ्रीजचा वरचा कप्पा ४-५ अंशांचा, तो फारच गार. साधा उपाय म्हणजे झाकणाचा थर्माकोलचा डबा. त्यात फडक्यात गुंडाळलेली बर्फाची एक बाटली उभी करायची, अंडी तिला टेकू द्यायची नाहीत, टोकदार बाजू खाली ठेवायची आणि आत थर्मामीटर असू द्यायचा. सकाळ-संध्याकाळ बाटली बदलली की तापमान सोळा-अठराच्या आसपास राहतं. ही यातायात नको असेल तर तीन दिवसांपेक्षा जास्त साठवू नका. बाराच अंडी जमली तर बाराच लावा.

डब्यातून काढताना एक चूक हमखास होते. १६ अंशांचं अंडं मुंबईच्या दमट हवेत उघडं ठेवलं की थंड पाण्याच्या पेल्यासारखं बाहेरून घामतं. त्या पाण्याबरोबर टरफलावरचे जंतू छिद्रांतून आत ओढले जातात, आणि दहाव्या-बाराव्या दिवशी यंत्रात कुबट वास येऊ लागतो. म्हणून आधी बर्फाची बाटली काढून घ्यायची आणि झाकण बंद ठेवून डबा सहा-आठ तास खोलीत राहू द्यायचा. अंडी खोलीच्या तापमानाला आली की मग झाकण उघडायचं. अंडी धुवायची नाहीत. शिट लागलेली अंडी उबवणीला घ्यायचीच नाहीत.

यंत्राबद्दल थोडक्यात. पंख्याच्या यंत्रात ३७.५ अंश, पंखा नसलेल्यात अंड्यांच्या वरच्या पातळीला ३८.५ च्या आसपास. दिवसातून किमान तीन, शक्यतो पाच वेळा अंडी फिरवायची, अठराव्या दिवशी थांबायचं. गडबड होते ती पाण्यात. पहिले अठरा दिवस आत ५० ते ५५ टक्के आर्द्रता हवी असते. पावसाळ्यात बाहेरची २८ अंशांची, ९० टक्के दमट हवा यंत्रात ३७.५ पर्यंत तापली की तिची आर्द्रता आपसूक ५३ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे जुलैत ट्रेमध्ये एक थेंबही पाणी लागत नाही. तरीही पुस्तकात वाचलं म्हणून लोक ट्रे भरतात, अंड्यातलं पाणी उडत नाही, हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लू विसाव्या दिवशी तयार होऊन आतल्या आत गुदमरतं. जानेवारीत मात्र २४ अंशांची, ५० टक्क्यांची हवा तापून २३ टक्क्यांवर येते, तेव्हा पाणी हवंच. अंदाज नको असेल तर वजनकाटा वापरा. ५५ ग्रॅमचं अंडं अठराव्या दिवशी सुमारे १२ टक्के हलकं, म्हणजे ४८ ते ४८.५ ग्रॅमचं झालेलं असावं. सातव्या दिवशी ते साडेबावन्नच्या जवळ हवं.

दोष खरंच नरात असेल तर

अंडी फोडली, कडं दिसलं नाही, म्हणजे फलनच होत नाही. आता कोंबडा हातात घ्या.

आधी त्याचे पाय. तळव्याला काळी खपली असलेली टणक गाठ, सुजलेला सांधा किंवा तुटलेलं नख असेल तर तो कोंबडीवर चढून तोल सांभाळू शकत नाही. सिमेंटच्या गच्चीवर किंवा उंच पत्र्यावरून उड्या मारणाऱ्या जड कोंबड्यात ही गाठ सर्रास होते. जमिनीवर तीन-चार इंच भाताचं तूस आणि दीड फुटापेक्षा उंच नसलेली बसायची दांडी एवढ्याने बरंच टळतं. मग पायामागचा काटा. तो फार लांब आणि धारदार असेल तर कोंबड्या अंगावर येऊ देत नाहीत, त्यांच्या पाठी सोललेल्या दिसतात. टोक कानसने गोल करा. मुळापर्यंत कापायला गेलात तर रक्त येईल.

मग मागची बाजू. व्हेंट म्हणजे शेपटीखालचं शिट आणि अंडं बाहेर यायचं तोंड. त्याभोवतीची पिसं बाजूला करून उवा आणि बारीक लाल-करडे किडे बघा. शिटेचे आणि किड्यांचे थर जमलेला नर समागम टाळतो. ब्रह्मा, कोचीन, सिल्की या गुबगुबीत पिसांच्या जाती मुंबईत हौसेने पाळल्या जातात आणि त्यांची अफलित अंड्यांची तक्रारही जुनीच आहे. कारण बहुतेक वेळा एवढंच असतं की पिसांच्या गादीतून वीर्य पोचत नाही. नर आणि मादी दोघांच्या व्हेंटभोवतीची दोन इंचांची पिसं कात्रीने छाटा. उपटू नका. पोलिश जातीच्या नराच्या डोळ्यांवर येणारा तुऱ्याचा झुबकाही छाटायचा, त्याला कोंबडी दिसली तर पाहिजे.

प्रमाण. हलक्या अंगाच्या देशी जातींत दहा-बारा कोंबड्यांमागे एक नर, जड जातींत आठ-दहांमागे एक. वीस कोंबड्यांत एकच नर असेल तर काही कोंबड्या सुटतात, कारण नराच्या आवडीनिवडी असतात. पण सहा कोंबड्यांत तीन नर हेही तितकंच वाईट: एक चढला की दुसरा त्याला पाडतो, दिवसभर मारामाऱ्या आणि अंडी अफलित. झुंजीच्या असील जातीत तर दोन नर एकत्र ठेवायचेच नाहीत. नराचं वय सहा महिन्यांच्या पुढे आणि शक्यतो दोन वर्षांच्या आत असावं. पिसं गाळत असेल तर दोन महिने त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

उष्मा हे मुंबईतलं मोठं कारण. पारा ३२-३३ च्या वर आणि हवा दमट असली की धापा टाकूनही कोंबडीवर्गाला अंग गार करता येत नाही. नराची भूक मरते, वीर्य पातळ पडतं. नवं वीर्य तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून मेच्या अखेरच्या उष्म्याचा फटका जूनच्या मध्यातल्या अंड्यांत दिसतो, तोवर पाऊस आलेला असतो आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही. पत्र्यावर चुना मारा, वर ओलं गोणपाट टाका, आडवा वारा खेळू द्या. खाद्य पहाटे पाच ते आठ आणि संध्याकाळी पाचनंतर, दुपारी अकरा ते चार फक्त गार पाणी. पत्र्याखाली दुपारभर तापलेल्या ड्रममधलं पाणी कोंबडी पीत नाही.

पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना किंवा पाय अधू पण रक्त मोलाचं असलेल्या नराला कृत्रिम रेतन हा चांगला मार्ग आहे. दोन माणसं लागतात. नराच्या पाठीवरून शेपटीकडे भरभर हात फिरवला की शेपूट वर येते, त्याच क्षणी व्हेंटच्या दोन्ही बाजूंनी अंगठा आणि तर्जनीने हलकं दाबायचं. पाव ते अर्धा मिलिलिटर दुधासारखं घट्ट पांढरं वीर्य यायला हवं. पाण्यासारखं, पिवळट किंवा शिट मिसळलेलं असेल तर वापरायचं नाही. नराला सहा तास आधीपासून उपाशी ठेवलं की शिट कमी येते. अर्ध्या तासाच्या आत, सुईविना सिरिंजने प्रत्येक कोंबडीला ०.०५ मिलिलिटर. कोंबडीच्या पोटाच्या डाव्या बाजूला दाब दिला की व्हेंटमधून अंडनलिकेचं गुलाबी तोंड बाहेर डोकावतं, त्यात सुमारे एक इंच आत सोडायचं आणि सोडताना पोटावरचा दाब आधी काढायचा, नाहीतर सगळं परत बाहेर येतं. वेळ दुपारी तीननंतरची. सकाळी कडक टरफलाचं अंडं वाटेत असतं, तेव्हा केलेलं रेतन फुकट जातं. पहिल्या खेपेला लागोपाठ दोन दिवस, नंतर दर आठवड्याला एकदा.

आठवड्याने एकदा पुरतं, कारण कोंबडीच्या अंडनलिकेच्या खालच्या भागात सूक्ष्म नळ्या असतात आणि त्यांत शुक्राणू दोन-तीन आठवडे जिवंत राहतात. याचीच दुसरी बाजू: नर बदलल्यावर तीन आठवडे जाईपर्यंत पिल्लं नव्या नराचीच आहेत असं छातीठोकपणे सांगता येत नाही. नव्या नराबद्दल निकालही त्याआधी देऊ नये.

काही वेळा रक्तच आड येतं. रोझ कोंब, म्हणजे चपट्या दाणेदार तुऱ्याच्या नराकडे त्या गुणाची दुहेरी जोडी असेल तर त्याचे शुक्राणू लवकर मरतात. अशाच तुऱ्याची वायनडॉट जात पाळणाऱ्यांनी म्हणून एखादा एकेरी तुऱ्याचा पक्षी कळपात ठेवावा. आखूड पायांच्या जपानी बँटमची आखूड पायांच्याशीच जोडी लावली तर चौथा हिस्सा गर्भ अंड्यातच मरतात, तो त्या जातीचा स्वभावच आहे. लांब पायांचा जोडीदार दिला की प्रश्न संपतो. सगळ्यांत जास्त दिसतं ते भावंडांचं प्रजनन. गच्चीवरचा कळप बहुधा एकाच खेपेच्या पिल्लांतून उभा राहतो, त्यातलाच नर, त्याच्याच बहिणी. दोन-तीन पिढ्यांत उबवणक्षमता ढासळते. दर वर्षी बाहेरचा नर आणा. आणि वनराजा, गिरिराज या मुळात संकरित कोंबड्या आहेत. त्यांची अंडी उबतात, पण पिल्लं आईबापांसारखी एकसारखी निघत नाहीत, तो वांझपणा समजू नका.

अंडीच न घालणारी कोंबडी

हात वापरा. कोंबडी काखेत घेऊन व्हेंट बघा: ओलसर, मोठं, लांबट आणि फिकट असेल तर ती घालते आहे, लहान, कोरडं, सुरकुतलेलं असेल तर नाही. व्हेंटखाली दोन टोकदार हाडं लागतात. त्यांच्यात दोन ते तीन बोटं मावली तर अंडी चालू, एकच बोट मावलं तर बंद. पिवळ्या कातडीच्या जातींत घालणाऱ्या कोंबडीचा पिवळेपणा आधी व्हेंटचा, मग डोळ्याभोवतीचा, चोचीचा आणि शेवटी पायांचा उतरतो. कडकनाथची कातडी काळी, तिथे हा रंगाचा हिशेब चालत नाही, बोटांचाच.

तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, पाच-सहा महिन्यांची होऊनही अंड्यावर येत नसेल तर उजेड मोजा. अंड्यासाठी १४ ते १६ तास उजेड लागतो. मुंबईत डिसेंबरात दिवस जेमतेम ११ तासांचा आणि जूनमध्येही सव्वातेराच्या आसपास. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही हे खरं, पण झाकलेल्या कोंबडीपुरतं ते फुटत नाही: दोन इमारतींच्या मधल्या बोळातल्या खुराड्यात सकाळी नऊपर्यंत अंधारच असतो. खाली पेपर वाचता येईल इतका उजेड देणारा साधा एलईडी दिवा आणि टायमर पुरे. वाढ आठवड्याला अर्धा तास, आणि ती पहाटेच्या बाजूने. रात्री दिवा फटकन गेला तर कोंबड्या दांडीवर न चढता जमिनीवरच राहतात. अठरा आठवड्यांच्या आत उजेड वाढवायचा नाही, आणि घालणाऱ्या कोंबडीचा उजेड कधीही कमी करायचा नाही. दोन दिवस टायमर बिघडला तरी कळप पिसं गाळायला लागू शकतो.

खुडूक, म्हणजे उबवायला बसून राहणारी कोंबडी ही आजारी नव्हे. तिची पिल्लं नको असतील तर खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात, घरट्याविना, तीन-चार दिवस ठेवा, खाणंपाणी पूर्ण द्या. पाण्यात बुचकळण्याची गरज नाही.

लठ्ठपणा मात्र शहराचा खास आजार आहे. उरलेला पाव, भात, फरसाण यांवर वाढलेल्या कोंबडीचं पोट चरबीने गच्च असतं. ती कमी घालते, कधी दोन बलक एका वेळी सुटतात, अंडं अडकतं, अंडनलिका बाहेर येते. अंगापिंडाप्रमाणे ८० ते १२० ग्रॅम खाद्य रोज, आणि घरचं उष्टंखरकटं त्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नाही. सुकट-जवळा हे उत्तम प्रथिन, पण खारवलेलं असेल तर तासभर पाण्यात भिजवून, पिळून, वाळवून द्या. मीठ जास्त गेलं की शिट पातळ होते आणि अंडी घाण होतात.

अंडं अडकलेली कोंबडी शेपूट खाली टाकून, पंख पसरून, जोर करत बसते. टबात ३८-४० अंशांचं कोमट पाणी घेऊन तिचं पोट वीस मिनिटं बुडवा, व्हेंटला लिक्विड पॅराफिन लावा, अंधाऱ्या, शांत जागी ठेवा. अंडं आत फोडायचा प्रयत्न करू नका, टरफलाच्या कडा नळी चिरतात. दोन-तीन तासांत सुटका झाली नाही तर डॉक्टर गाठा.

रोज घरट्यात बसून रिकामी उठणारी, पेंग्विनसारखी उभी राहणारी, पोट पाण्याच्या पिशवीसारखं लागणारी कोंबडी वेगळी. तिचे बलक नळीत न जाता पोटातच पडत असतात. यातल्या काही कोंबड्यांची गोष्ट पिल्लूपणीच ठरलेली असते: पहिल्या दोन आठवड्यांत इन्फेक्शियस ब्राँकायटिस हा श्वसनाचा रोग होऊन गेला तर अंडनलिका नीट वाढतच नाही. तुरा लाल, तब्येत छान, हाडांत तीन बोटं मावतात आणि अंडं मात्र कधीच येत नाही. तिला औषध नाही. पिवळट, रबरासारखा, थराथरांचा गोळा घरट्यात सापडला तर नळीत पू धरलेला आहे. तीही प्रजननातून बाद.

वयस्क कोंबडी अचानक आरवायला लागली, तुरा वाढला, पायामागे काटा फुटला, की घरात अपशकुनाची चर्चा सुरू होते. कोंबडीत फक्त डावं बीजकोश काम करतं. गाठीने किंवा रोगाने ते निकामी झालं की उजव्या बाजूचा सुप्त अवयव वाढतो आणि नराची संप्रेरकं सोडतो. एवढाच त्याचा अर्थ, आणि ती आता अंडी देणार नाही.

टरफल आणि खाद्य

पातळ टरफलाचं अंडं फलित असूनही उबत नाही, सुकून जातं. ५५ ग्रॅमच्या अंड्याच्या टरफलात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं. साडेतीन टक्के कॅल्शियमचं खाद्य कोंबडीने १०० ग्रॅम खाल्लं तर साडेतीन ग्रॅम पोटात जातं आणि त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त अंगी लागतं. जेमतेम भागतं. मेमध्ये ती ७० ग्रॅमच खाते, म्हणजे हिशेब तुटला. शिवाय धापा टाकताना रक्तातला कर्बवायू निघून जातो, ज्यातून टरफलाचं कार्बोनेट बनायचं असतं. म्हणून शिंपल्यांचा तूरडाळीच्या दाण्याएवढा चुरा वेगळ्या भांड्यात, संध्याकाळी चारनंतर ठेवा. टरफल रात्री चढतं आणि मोठा तुकडा पोटात हळूहळू विरघळतो. चौपाटीवरचे शिंपले गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन, वाळवून, कुटून वापरता येतात. तलंगांना अंड्यावर यायच्या आधी लेयर मॅश, म्हणजे अंड्याच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, देऊ नका, जादा कॅल्शियमने मूत्रपिंडं जातात. नरालाही एक टक्का पुरतं.

बाजारातलं लेयर मॅश खायच्या अंड्यांसाठी असतं. त्यातली जीवनसत्त्वं अंडं घालायला पुरतात, पिल्लू घडवायला कमी पडतात. बी-२ कमी पडलं तर गर्भ उबवणीच्या मधल्या दिवसांत मरतात, पिसांचे कोंब गाठीसारखे राहतात, निघालेल्या पिल्लांची बोटं आत वळलेली असतात. ब्रीडर मॅश, म्हणजे प्रजननाच्या कळपाचं खाद्य, मिळालं तर तेच घ्या, नाहीतर जीवनसत्त्वांचं मिश्रण, त्यात ई आणि सेलेनियम हवंच, आणि रोज हिरवा पाला. पोतं महिन्याच्या आत संपवा. पावसात मक्याला किंवा शेंगदाणा पेंडीला कुबट वास आला की ते खाद्य प्रजननाच्या कळपाला नको, बुरशीचं विष यकृत आणि अंडी दोन्ही खातं. सरकीची पेंडही नको, बलक हिरवट-तपकिरी पडतो आणि उबवण घटते.

औषधांचं दोन ओळींत: सल्फा गटाची औषधं घालणाऱ्या कोंबडीत टरफल पातळ करतात, आणि ब्रॉयलरच्या खाद्यातलं निकार्बाझिन उबवण बिघडवतं. ब्रॉयलरचं उरलेलं खाद्य स्वस्तात मिळालं म्हणून चारू नका.

रोग

कोंबड्या टवटवीत, खाणं नेहमीसारखं आणि अचानक फिकी, मऊ, बिनटरफलाची अंडी: एग ड्रॉप सिंड्रोमचा संशय घ्या. लस अंड्यावर येण्याआधी, १४ ते १६ आठवड्यांची असताना. अंडी सुरकुतलेली, वेडीवाकडी आणि आतला पांढरा भाग पाण्यासारखा असेल तर ब्राँकायटिस. मानमोडीचं, म्हणजे राणीखेतचं लसीकरण चुकवू नका: लासोटा पहिल्या आठवड्यात, आर-टू-बी सहा ते आठ आठवड्यांत. घालणाऱ्या कळपाला आर-टू-बी देऊ नका, अंडी पडतात.

मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती पुलोरम या जिवाणूंच्या रोगाची, कारण तो अंड्यातूनच पिल्लात जातो. कोंबडी वरून ठणठणीत, आत बीजकोशातले बलक सुकलेले, वेडेवाकडे, देठाला लटकलेले. तिची पिल्लं पहिल्या आठवड्यात पांढरी हगवण लागून मरतात, मागे शिट सिमेंटसारखी चिकटलेली. तपासणी सोपी आहे: सोळा आठवड्यांपुढच्या पक्ष्याच्या पंखाखालच्या शिरेतून रक्ताचा थेंब, काचेवर रंगीत अँटिजेनच्या थेंबात मिसळायचा, दोन मिनिटांत दाणे धरले तर पक्षी रोगवाहक. अँटिबायोटिकने तो बरा दिसेल, रोगवाहकच राहील, त्याची अंडी उबवायची नाहीत. उरलेल्या कळपाची तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी, लागोपाठ दोनदा सगळे निर्दोष येईपर्यंत.

घालायची थांबलेली कोंबडी मेली तर ती पुरून टाकण्याआधी उघडून बघितली पाहिजे, उरलेल्या कळपाचं उत्तर तिच्या पोटात असतं. परळला १८८६ पासून चालू असलेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे विकृतीशास्त्राचा विभाग आहे. आधी फोन करून वेळ विचारा. मेलेला पक्षी साबणाच्या पाण्याने भिजवा म्हणजे पिसं उडणार नाहीत, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधा आणि थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या बाटल्यांमध्ये ठेवून त्याच दिवशी न्या. सोबत वहीतलं पान द्या: वय, लसी, खाद्य, किती अंडी फोडली, किती फलित होती. फ्रीझरमध्ये ठेवू नका, गोठलेल्या अवयवांतून काही वाचता येत नाही.